सड्यावर शोधाला निघताना

पावसच्या बचत गटातल्या आम्ही बायका आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. मागच्या वेळी आम्ही सड्यावरच्या आमच्या शोधाशोधीबद्दल थोडंसं सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारणा केली. त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. एक, जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधायचं मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, घ्यावं का? आणि दुसरा, आम्ही हौसेने दोनदा गेलो, हाती काही लागलं नाही, आता कुणी यायला तयार नाही, तर पुढे काय करायचं? पहिल्याचं उत्तर लहान आहे. दुसऱ्याला वेळ लागेल.

मशीनचं आधी सांगून टाकतो. काठीच्या टोकाला तारेचं कडं असतं, त्यातून वीज खेळते, आणि खाली धातू आला की कानात आवाज येतो. ऐकायला सोपं वाटतं. पण आपली जमीन कसली आहे? जांभ्याची. जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोखंडामुळे. अशा जमिनीवर मशीन नुसत्या मातीलाही ओरडत बसतं. खरी वस्तू कुठली आणि दगड कुठला हे ओळखायला सरावलेला कान लागतो. नवख्या बाईने पाच-दहा हजार घालून ते आणायचं आणि दिवसभर दगडांचं रडगाणं ऐकायचं, हे आम्हाला पटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची असते. हो, दहाच रुपये. त्या काळी लिहिलेला आकडा तसाच राहिला आहे. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जागेच्या मालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि संरक्षित किल्ल्यावर किंवा जुन्या अवशेषांच्या जागी परवान्याशिवाय खणणं हा तर सरळ गुन्हा आहे. म्हणून पूर्णगडावर रात्री मशीन घेऊन जाऊ, असे बेत तुमच्या घरातली मुलं करत असतील तर त्यांना वेळीच थांबवा.

पण कायदा नुसता दमदाटी करत नाही हेही सांगायला हवं. सापडलेल्या वस्तूवर जुन्या मालकाचा हक्क शाबीत झाला नाही, आणि सापडणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा, अशी वाटणी त्यात आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदलाही लिहिलेला आहे. तेव्हा परसात माड लावताना नाणी निघाली, तर घाबरून विहिरीत टाकू नका आणि सोनाराकडेही नेऊ नका. तशीच मातीसकट कापडात ठेवा. आणि मैत्रिणींनो, चिंच-मिठाने घासू नका! आपला हात तांबं दिसलं की चिंचेकडेच जातो. पण त्या हिरव्या-काळ्या थराखालीच अक्षरं जपलेली असतात, घासलं की तीही जातात.

आता दुसरा प्रश्न, उत्साह टिकवण्याचा. आधी दोन माणसांच्या गोष्टी सांगतो.

इंग्लंडमध्ये टेरी हर्बर्ट नावाचा एक माणूस होता. अडीच पौंडांना घेतलेलं जुनं मशीन घेऊन तो शेतांमधून फिरायचा. तिकडे शेतमालकाची परवानगी घेऊन असं फिरायची मुभा आहे, आणि मोठा ठेवा सापडला तर तो सरकारला कळवावा लागतो. २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात त्याला सोन्या-चांदीचे हजारो तुकडे सापडले, तलवारींच्या मुठींवरचे, तेराशे वर्षांपूर्वीचे. किंमत ठरली बत्तीस लाख पौंडांवर, आणि ती त्याच्यात आणि शेतमालकात निम्मी निम्मी वाटली गेली. ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्याआधी हा माणूस अठरा वर्षं हा छंद करत होता, हे त्या बातमीत एका ओळीत होतं. अठरा वर्षं म्हणजे आपल्याकडे लग्न होऊन आलेल्या मुलीचं पोर कॉलेजात जातं.

दुसरी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांच्याकडे मशीन नव्हतं, ते काही शोधायलाही निघाले नव्हते. पण असं कुणाला तरी एकदा होतं. त्याच्या आशेवर दर रविवारी घराबाहेर पडता येत नाही.

म्हणून आम्ही मशीन, सोनं, नाणी सगळं बाजूला ठेवलं. खणावं लागणार नाही, कायदा मोडणार नाही आणि आपल्याच दाराशी आहे असं काय शोधता येईल, तर कातळशिल्पं.

ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती २०१२ च्या सुमारास सडे तुडवायला लागले. तोवर अशी दोन-चारच ठिकाणं लोकांना माहीत होती. पुढे २०१८ पर्यंत ५२ गावांच्या परिसरात चित्रं सापडली. त्यातल्या जेमतेम पाच गावांना आपल्याकडे असं काही आहे याची कल्पना होती. आज जिल्ह्यात सत्तरच्या आसपास ठिकाणी दीड हजारांहून जास्त चित्रं नोंदलेली आहेत. अभ्यासकांचे अंदाज दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. चित्रांत हत्ती आहे, गेंडाही आहे, जो आपल्याकडे आता औषधालाही नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या त्यात सात: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेल्या दोन म्हणजे सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ.

या लोकांकडे कुठलं मशीन नव्हतं. पाय होते. आणि त्यांनी एक फार शहाणी गोष्ट केली, शाळेतल्या मुलांना सांगितलं की घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे कोरलेलं काही पाहिलंय का. म्हणजे अर्धा शोध घराच्या पडवीत बसून झाला. हे कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, हे तर आपलं काम आहे. सड्यावर गवत कापायला कोण जातं? गोवऱ्यांसाठी शेण गोळा करायला, लाकूडफाटा आणायला, गुरं वळवून आणायला? कुठे पाणी साचतं, कुठल्या कातळाला काय म्हणतात, हे आपल्या सासवांना तोंडपाठ आहे. फक्त कुणी विचारलेलं नाही.

तर पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौदा जणी निघालो. डबे, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी. दुसऱ्या फेरीला नऊ जणी होत्या, तिसरीला पाच. भांडण झालं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेलं की दारातच प्रश्न यायचा, “काय मिळालं?” आणि उत्तर असायचं, काही नाही. तीनदा “काही नाही” म्हटल्यावर चौथ्यांदा भाकऱ्या लवकर उरकून, पोरं जावेकडे ठेवून बाहेर पडायचं तोंड राहत नाही. पुरुष माणूस दिवसभर गळ टाकून खाडीवर बसला आणि रिकाम्या हाताने आला तर त्याला कुणी विचारत नाही, ही आपली जाता जाता तक्रार.

उरलेल्या पाच जणींनी बसून विचार केला आणि एक वही घातली. आमच्या सड्याचा गाव नकाशा मिळवला, आणि तो वहीत मोठा काढून त्याचे चाळीस तुकडे पाडले. गडगा, पायवाट, आंब्याचं एखादं एकटं झाड, अशा खुणांनी. कुणाच्या जमिनीत कुठला तुकडा येतो ते विचारून घेतलं आणि मालकांना आधी सांगून ठेवलं. एका फेरीत एक तुकडा, फार तर दोन. तुकडा चालून झाला की तारीख घालायची आणि काय दिसलं ते लिहायचं. काही दिसलं नाही तर “पाहिलं, नाही” असं लिहायचं आणि तो तुकडा पेन्सिलीने भरून टाकायचा.

एवढ्याने फरक पडला. घरी विचारलं, “काय मिळालं?” की आम्ही सांगतो, “तेरावा तुकडा झाला.” सुरुवातीला हसले. आता एखादीचा नवराच विचारतो, पलीकडचा कधी घेणार? स्वेटर विणताना आज किती ओळी झाल्या हे मोजतो ना, तसं. वस्तू सापडणं आपल्या हातात नाही, तुकडा भरणं आहे. आणि “इथे नाही” ही नोंदसुद्धा कामाची असते. उद्या कुणी अभ्यासक आला तर त्याचे तेवढे पाय वाचले.

दुसरं म्हणजे वेळ आखली. दोन तासांच्या वर नाही, कितीही रंगात आलो तरी. सकाळी सातला निघायचं नाहीतर दुपारी चारनंतर. याला सोय हे एक कारण आहे, पण दुसरं जास्त महत्त्वाचं. कोरलेली रेघ फार खोल नसते. ऊन डोक्यावर असलं की कातळ सपाट दिसतो. ऊन तिरपं पडलं की त्याच रेघेत सावली भरते आणि ती वर येते. आम्ही एकच जागा दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता पाहिली आहे, दोन वेगळे कातळ वाटतात.

तिसरं, आणि हे आम्ही सगळ्या नवख्या गटांना आग्रहाने सांगू: आपल्या सड्यावर जायच्या आधी एक माहीत असलेलं शिल्प बघून या. डोळ्याला काय शोधायचं ते कळलं नाही तर प्रत्येक भेग साप वाटते आणि पावसाने पडलेला प्रत्येक खड्डा देवाचं पाऊल. आम्ही कशेळीला गेलो. पावसवरून पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडी, तिथून पुढे. कनकादित्याच्या देवळामुळे गाव बहुतेकींना माहीत असतंच. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभं राहून तो दिसत नाही. नुसत्या रेघा दिसतात. कडेकडेने चालत फिरावं लागतं, मग सोंड कुठे आणि पाय कुठे ते हळूहळू जुळतं. आमच्यातल्या एक काकू फेरी पुरी करून म्हणाल्या, “अगो, म्हणजे आपण हत्तीच्या पाठीवरच उभ्या होतो!” नंतर आपल्या सड्यावर चालताना नजर बदलते ती अशी. रेघ दिसली की ती कुठे जाते हे बघत पाय चालायला लागतात.

माणसाने कोरलेली रेघ कशी ओळखायची हे बोलून सांगणं अवघड आहे. तरी एवढं: भेग वेडीवाकडी जाते आणि तिची रुंदी बदलत राहते. कोरलेली रेघ बोटाबोटाच्या रुंदीने सारखी चालते, वळते ती गोलाईने, आणि पुष्कळदा तिची जोडीदार रेघ बाजूला असते. वर माती आणि सुकलेलं शेवाळ असतं. मऊ केरसुणीने हलकेच झाडायचं, बस. लोखंडी काहीही लावायचं नाही, दगडाने घासायचं नाही, फोटो चांगला यावा म्हणून खडूने किंवा रंगाने रेघा भरायच्या नाहीत. कुंकू वाहायचा मोह झाला तरी तिथे नको.

फुरशांबद्दल सांगायलाच हवं. आपल्या सड्यावर दगडाखाली फुरसं असतं, आणि ते केवढंसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. दगड हाताने उलटायचा नाही. पायात बंद बूट, हातात काठी, आणि कमीत कमी चौघी. कुठल्या बाजूला जातोय ते घरी सांगून जायचं. उत्साह टिकवायच्या गप्पांत हे कशाला, असं वाटेल. पण एकीला काही झालं तर सगळा गट कायमचा बसतो.

आता सापडलं काय, असं तुम्ही मनात म्हणतच असाल. सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात, अठराव्या तुकड्यात, एका सपाट कातळावर आडव्या-उभ्या-तिरक्या रेघांचा एक चौकोन मिळाला. हातभर लांबीचा. आमची छाती धडधडायला लागली. फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि फोनवरून जागेचे आकडे लिहून घेतले. संध्याकाळी गटातल्या एकीच्या आजेसासूबाईंना फोटो दाखवला. वय ऐंशीच्या वर. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हा वाघबकरीचा पट. गुरं राखताना आम्ही खेळायचो. बकऱ्या म्हणजे काजूच्या बिया आणि वाघ म्हणजे खडे.” मग त्यांनी अंगणात कोळशाने तसाच पट काढला आणि तासभर आम्हाला खेळायला शिकवलं. आमच्यातल्या तिघींना बकऱ्या घेऊन हरवलं.

हजारो वर्षांपूर्वीचं नाही निघालं. पण त्या आजी लहान मुलगी असताना सड्यावर गुरांमागे धावत होत्या, तिथे आणखी मुली होत्या, त्या काय खेळायच्या, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या सुनेलाही नाही. वहीत आम्ही ते दोन पानं भरून लिहिलं. त्या आठवड्यानंतर गट पाचाचा आठ झाला, आणि आलेल्या तिघींपैकी दोघी त्यांच्याच घरातल्या. तेव्हा नव्या गटाला आमचं सांगणं आहे की पहिल्याच महिन्यात म्हाताऱ्या माणसांकडे जा. सड्यावर काही मिळो न मिळो, तिथे रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र घाई करायला लावणारी आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नकाशातल्या दोन तुकड्यांवर चिरेखाण सुरू झाली. आम्ही तिथे पोचलो नव्हतो. जेसीबीने वरचा थर खरवडून टाकला, मशीनने चिरे पाडले, आता तिथे चौकोनी खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. तिथे काही होतं का हे आता कुणालाच कळणार नाही. आम्ही त्या दोन चौकोनांत पेन्सिल भरली नाही, काट मारली. यात कुणाला खलनायक करण्यात अर्थ नाही. आपली घरं त्याच चिऱ्याची आहेत आणि आमच्या गटातल्या दोघींच्या घरची चूल खाणीच्या मजुरीवर चालते. कलमं लावायला कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात, तेही आपलंच पोट आहे. पण खाण लागायच्या आधी एकदा तिथून चालून यायला दोन तास पुरतात. त्याच घरातल्या एकीने आता आपल्या नवऱ्याला सांगून ठेवलंय, पुढची जागा ठरली की आधी आम्हाला सांगायचं. तो सांगतो.

आणि खरंच काही सापडलं तर? फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा, जागा लिहा, ज्याची जमीन त्याला सांगा, ग्रामपंचायतीला सांगा, आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीच्या कार्यालयात लेखी कळवा. जागेसकट फोटो मोबाईलवर सगळीकडे पाठवू नका. आधी राखण करायची सोय होऊ दे. उक्षीच्या ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन आपल्या हत्तीभोवती संरक्षण उभं केलं, तसं गाव पाठीशी उभं राहिलं तर चित्र टिकतं.

आमचं चालू हंगामाचं सांगतो. भात झोडून झालं आहे, गवत कापायला लागलंय. डिसेंबरपासून आंब्याचं काम अंगावर येईपर्यंतचे आठ-नऊ रविवार हातात आहेत. चाळीसातले तेवीस तुकडे पाहून झाले, दोन खाणीत गेले, पंधरा कोरे आहेत. खाणीच्या लगतचे चार आधी घेणार आहोत. आजूबाजूच्या गावांतल्या ज्यांना एकदा बरोबर येऊन बघायचं असेल त्यांनी पहिल्या रविवारी सकाळी पावणेसातला पावसच्या एसटी थांब्यावर यावं. बूट घालून या, पाणी आणा, आणि घरात जुनी केरसुणी असेल तर तीही आणा. आमच्या झिजल्यात.